'मोठा डॉक्टर' म्हणजे नेमका कोण?

सिरसाळ्यात कुणाच्या नानीचं खुब्याचं हाड मोडलं की पहिला प्रश्न येतो: बीडला न्यायचं की लातूरला? कुणीतरी एका 'मोठ्या' डॉक्टरचं नाव सांगतो आणि गाडी निघते. मोठा कशात, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते घरातल्या शिकलेल्या पोरापोरींनी ते विचारलंच पाहिजे. हेच ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता? स्वतः करणार, की बाहेरून सर्जन येणार? रॉड टाकणार की सांधा बदलणार, आणि का? अनुभवी माणूस अशा प्रश्नांनी चिडत नाही. चिडला तर तेही उत्तरच समजा. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येते. २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयाने दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. नसेल तर मागा, लाजू नका.

आणि दागिने मोडण्याआधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एकदा एक्स-रे दाखवा. 'सरकारी' म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण अपघातात मोडलेली हाडं तिथे रोज येतात. फक्त या शोधात आठवडा घालवू नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं. 'आता वय झालं' म्हणत नानीला खाटेवर पाडून ठेवणं सगळ्यात घातक.