झाड कोणाचे पाणी पिते?



कोरडवाहू कापूस-ज्वारी परवडत नाही, तर निलगिरी लावा, हा सल्ला आपण चाळीस वर्षे ऐकत आलो आहोत. निंदणी नाही, बोंडअळी नाही, मजुरांची वाट पाहणे नाही. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमची तक्रार नाही. शेतात काय लावायचे ते शेतकऱ्यानेच ठरवावे. मात्र भावाचा हिशेब मांडताना पाण्याचाही मांडावा.

जळगाव-धुळ्याच्या बहुतेक तालुक्यांत वर्षाला पाचशे ते सातशे मिलिमीटर पाऊस. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर. ज्वारी निघाली, पऱ्हाटी उपटली की रान मृगापर्यंत मोकळे राहते. निलगिरी सदाहरित, खाली ओल आहे तोवर ती चैत्र-वैशाखातही पाणी ओढते.

वनखाते म्हणते निलगिरी निर्दोष, विरोधक म्हणतात राक्षसीण. दोघांपेक्षा मोजमाप बरे. कर्नाटकात तेथील वनखाते व ब्रिटनच्या जलविज्ञान संस्थेने ते केले. निलगिरीचा पाण्याचा खर्च नाचणीच्या सुमारे दुप्पट निघाला. जेथे माती तीन मीटरच, तेथे तिने पडेल तेवढा पाऊस वापरला. देशी जंगलही तेवढेच वापरते. पण खोल मातीत, तीन वर्षांत पाऊस झाला २,१०० मिलिमीटर आणि झाडांनी घेतले ३,४००! वरचे १,३०० म्हणजे एकरी बावन्न लाख लिटर. ते आले जमिनीच्या पोटातल्या जुन्या साठ्यातून.

तापीकाठची आपली काळी माती खोल आहे. यावल-रावेर भागात विहिरी आधीच तळाला गेल्या आहेत. तेथे हा साठा संपवणे म्हणजे मुद्दल खाणे. शिवाय जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो. लाकूड एकाचे आणि विहीर कोरडी दुसऱ्याची, असे झाले तर गावात भांडण ठरलेले.

आणि भाव? नाशिकला १९८३ साली विनायकराव पाटलांच्या पुढाकाराने निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी राहिली, कारण एकट्याने लाकूड विकता येत नाही हे तेथील शेतकऱ्यांनी ओळखले. पंजाब-हरियाणात सगळ्यांनी एकदम लावली आणि १९८८ च्या सुमारास बाजार कोसळला. कापूस पुढल्या वर्षी बदलता येतो. झाडाला पाच-सात वर्षे अडकून राहावे लागते.

त्याच १९८३ मध्ये तुमकूरच्या शेतकऱ्यांनी रोपवाटिकेतील रोपे उपटली. २०१७ मध्ये कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदी घातली. आम्ही बंदी मागत नाही. बंदीचे हत्यार सरकारच्या हाती दिले की ते उद्या आपल्यावरच चालते, हा आपला अनुभव आहे. पण गावाने आपला नियम आपण करावा: विहिरीजवळ आणि सामाईक बांधावर निलगिरी नको, खोल काळ्या रानात नको, गायरानावर ग्रामसभेला विचारल्याशिवाय एक रोप नको.

साक्री तालुक्यातील बारीपाड्याने नव्वदच्या दशकापासून सुमारे ४४५ हेक्टर देशी जंगल राखले, बंधारे घातले आणि गावात पाणी आणले. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. पण हे काम गावाने केले, ते ठराव करून.

जिल्हा बैठकीला येताना आपल्या गावातील विहिरींची वैशाखातली पातळी लिहून आणा. चर्चा त्या कागदावरून करू.