चांदी चालली, आता डिंकाचं बघा

घरातल्या मोठ्यांना आ करायला सांगा. एखाद्या दाढेत 'चांदी' दिसेलच. त्या चांदीत निम्मा पारा असतो. आता तिचे दिवस भरलेत. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून ती बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात मिनामाता करारातल्या देशांनी २०३४ ही मुदत ठरवली, आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे परभणी असो की जिंतूर, पुढे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट वाढणार. ते चिकटवायला लागतो 'बाँड'. पाऱ्यावर जग इतकी वर्षं भांडलं, या डिंकाबद्दल मात्र पेशंट अवाक्षर काढत नाही!

बाँडमध्ये 'हेमा' नावाचा (हो, खरंच हेमा!) छोटा रेणू असतो. निळ्या लाईटखाली असे रेणू एकमेकांत गुंफून कडक होतात. पण सगळे नाही. सुटे राहिलेले पाझरतात, आणि लॅबमधल्या बशीत ते पेशी मारतात, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. आयएसओच्या चाचणीत जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली आल्या की पदार्थ विषारी ठरू शकतो. अशा चाचण्यांसाठी लागणाऱ्या पेशी पुण्याची एनसीसीएस ही संस्था देते.

मग दात भरायचाच नाही का? तसं नाही. बशीत पेशी उघड्या असतात. दातात मध्ये डेंटिनची भिंत असते, ती बरंच अडवते. कीड खोल गेली आणि ही भिंत अर्ध्या मिलिमीटरहून पातळ उरली, तर मात्र नसेजवळच्या पेशींना धोका. तिथे डॉक्टर आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडसारखा थर देतात. दुसरी गोम लाईटची. तो कमजोर असेल किंवा घाईत लवकर काढला, तर सुटे रेणू जास्त उरतात. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम बाटलीला लागू आहेत. लाईट किती सेकंद धरला, हे कोण तपासणार?

पेशंटपेक्षा जास्त सांभाळायला हवं ते रोज बाँड हाताळणाऱ्यांनी. परभणीतही डेंटल कॉलेज आहे. तिथल्या दोस्तांनो, साध्या ग्लोव्हजमधून हेमा काही मिनिटांत आरपार जातो, आणि अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते.

आणि हाच हेमा बऱ्याच जेल नेलपॉलिशमध्येही असतो. नखांभोवती कधी खाज, पुरळ आलं असेल, तर दात भरण्याआधी डॉक्टरांना तेवढं सांगाच.