काळ्या मैनेचे मोल

वैशाखाचे ऊन तापू लागले, म्हणजे दादर स्थानकाबाहेर, जिथे भाजीच्या जुड्या आणि झेंडूच्या राशी यांमधून वाट काढताना जीव मेटाकुटीस येतो, तिथे कसारा-कर्जतकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या ठाकर-कातकरी बाया पळसपानांच्या द्रोणांत ‘काळी मैना’ म्हणवणाऱ्या करवंदांचे वाटे लावून बसतात. हे फळ नाजूक. दोन-तीन दिवसांत मऊ पडून पाणी सोडते. म्हणून दिवस कलला की मिळेल त्या भावाला पाटी रिकामी करून परतीची गाडी गाठणे त्यांना भाग पडते. त्यांच्या हातांकडे पाहिले तर जाळीच्या काट्यांचे ओरखडे दिसतात आणि खुडताना देठातून पाझरणारा पांढरा चीक बोटांवर चिकटून राहिलेला असतो. या श्रमांची भरपाई द्रोणाच्या किमतीत होत नाही, हे मला फार लागते.

वस्तुतः या फळाची योग्यता मोठी आहे. त्यात लोह आहे, क जीवनसत्त्व आहे, आणि ज्याने मुलांची बोटे व ओठ रंगतात तो पिकल्या सालीचा जांभळा-काळा वर्ण अँथोसायनिन या गुणकारी द्रव्याचा आहे. कच्च्या फळात आम्ल आणि पेक्टिन यांचा संचय एवढा विपुल, की पिकल्या करवंदांत थोडी अर्धकच्ची मिसळून रस आटवला, तर बाहेरून पेक्टिन न घालता जेली उत्तम घट्ट होते. लोणचे तर कोकणात व घाटावर घरोघर पडतेच. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने टपोऱ्या फळांचा ‘कोकण बोल्ड’ हा वाणही दिला आहे.

कारखानदारांनी मात्र हे फळ केव्हाच हेरले. गिरगावातल्या पानवाल्याच्या विड्यावर किंवा परळच्या बेकरीतील केकवर जी लालभडक ‘चेरी’ विराजमान असते, ती पुष्कळदा बिया काढलेले, मूळ रंग घालवून कृत्रिम रंगात बुडवलेले आणि साखरेच्या पाकात मुरवलेले कच्चे करवंदच असते. ज्या गुणांसाठी ते खावे, त्यांतले बरेचसे या सोपस्कारांत नाहीसे होतात. नफा मधल्या दलालाच्या आणि कारखान्याच्या पदरी पडतो. जंगलातल्या बाईला मिळतो तो कच्च्या मालाचा दर.

2006 च्या वनहक्क कायद्याने करवंदासारख्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. पण जो माल तिसऱ्या दिवशी नासतो, त्याची नुसती मालकी पोटाला काय पुरणार? पाड्यावरच रस काढून बाटलीबंद करण्याची, लोणचे घालण्याची, फळ सुकवण्याची तजवीज झाली, तरच त्या हक्काला अर्थ येईल. कोकमाच्या बाबतीत हे घडलेले आपण पाहिले आहे. एके काळी लालबागच्या चाळींत गिरणीकामगाराच्या ट्रंकेतून येणारी आमसुले आणि आगळ आज दादरच्या दुकानांत रीतसर लेबल लावून मिळतात, आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही लाभले. करवंदाला मात्र असा खंबीर पुरस्कर्ता अद्याप लाभलेला नाही. कोकणमेव्याच्या दुकानदारांनी फाल्गुनातच शहापूर-मुरबाडच्या महिला बचतगटांशी सरबताचा आणि लोणच्याचा सौदा ठरवून थोडी रक्कम आगाऊ दिली, तर येत्या हंगामापासूनच हे काम सुरू होऊ शकेल.