मालक-चालकाने वही ठेवलीच पाहिजे



रेल्वेच्या संघटनेने टॅक्सीच्या हिशोबावर का लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. आमच्या युनियन कचेरीत पास, बदली आणि पेन्शनच्या अर्जांबरोबर आता गाडीच्या कर्जाचे कागदही येऊ लागले आहेत. मुलाला नोकरी नाही, म्हणून बापाने निवृत्तीच्या पैशातून गाडीची पहिली रक्कम भरायची, बाकीचे कर्ज काढायचे आणि मोबाईलवरून भाडी देणाऱ्या कंपनीला गाडी लावायची, हा मार्ग आमच्या अनेक सभासदांच्या घरी दिसतो.

असेच आमचे एक निवृत्त फिटर मुलाला घेऊन आले. मुलगा म्हणाला, "काका, महिन्याला पंचाहत्तर हजारांचा धंदा होतो, पण वीस तारखेनंतर घरात पैसा उरत नाही." पोरगा पैसे उडवतो, असा बापाचा संशय होता आणि त्यावरून घरात बोलणे बंद झाले होते. आम्ही कोरी वही घेतली आणि दोघांना समोर बसवून हिशोब मांडला. सोयीसाठी आकडे गोल करून देतो.

प्रवाशांनी दिलेले भाडे ७५,००० रुपये. कंपनीने कापून घेतले १५,०००. उरले ६०,०००. त्यातून सीएनजी २०,०००. विमा, परमिट, पासिंग यांचा महिन्याचा वाटा ४,५००. सर्व्हिसिंग व टायर ४,०००. टोल, पार्किंग, मोबाईल, धुलाई २,१००. कर्ज ७ लाखांचे, १० टक्क्यांनी, पाच वर्षांचे. त्याचा हप्ता सुमारे १४,९००. पहिल्या वर्षी त्यात व्याज सरासरी ५,४०० आणि मुद्दल ९,५००. व्याजापर्यंतचा खर्च वजा जाता २४,००० उरतात. त्यातून मुद्दल फेडले की घरात येतात १४,५००. पोरगा पैसे उडवत नव्हता. उडवायला पैसे नव्हतेच.

हिशोब इथे संपत नाही. ८ लाखांची गाडी आठ वर्षे चालली आणि शेवटी ८०,००० ला विकली, तर दर महिन्याला तिची साडेसात हजारांची झीज होते. मुद्दल ही गाडीची किंमत असल्याने ते सोडून झीज धरली, तर त्याची खरी कमाई १६,५०० रुपये. रोज बारा तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर तासाला ५३ रुपये. बाप बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

आमच्या लोको पायलटला कोणी इंधनाचे बिल मागत नाही. इंजिनाची देखभाल शेड करते, सुटे भाग स्टोअर्स देते, पगाराचा आणि कराचा हिशोब अकाउंट्स शाखा करते, आणि वर्षाअखेर फॉर्म १६ हातात येतो. मालक-चालकाच्या बाबतीत शेड, स्टोअर्स आणि अकाउंट्स या तिन्ही शाखा त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असतात. कंपनी त्याला मानाने भागीदार म्हणते, पण वाटा खर्चात देते.

आता कराचे पाहू. पहिली गोष्ट अशी की, कंपनी जो टीडीएस कापते तो कमिशन जाण्यापूर्वीच्या पूर्ण भाड्यावर. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर १ टक्क्यावरून ०.१ टक्का झाला. रक्कम लहान आहे, पण खात्याच्या दप्तरी चालकाच्या नावावर वर्षाचे ७,२०,००० नव्हे तर ९,००,००० लागतात. म्हणून कमिशनचा मासिक तक्ता कंपनीच्या ॲपमधून उतरवून जपून ठेवावा. पॅन दिलेला नसेल तर कपात ५ टक्के होते, हेही ध्यानात असावे.

दुसरी गोष्ट. कर काढण्याचे दोन मार्ग आहेत. सोप्या मार्गात बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा धरायचा. मग वेगळा खर्च दाखवायचा नाही. आपल्या उदाहरणात ९ लाखांवर ५४,०००. दुसरा मार्ग खऱ्या खर्चाचा. इंधन, दुरुस्ती, विमा, व्याज हे सारे वजा होते. मुद्दल वजा होत नाही. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला ३० टक्के घसारा मिळतो, पण पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर निम्माच. वाहतुकीचा दंड खर्चात धरता येत नाही. एका दिवसात एकाच व्यक्तीला १०,००० च्या वर रोखीने दिलेला खर्चही मान्य होत नाही. सोप्या मार्गात शिरून मध्येच बाहेर पडले, तर पुढची पाच वर्षे तो बंद होतो. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून ठरला असल्याने कलमांचे आकडे बदलतात, हिशोबाची रीत तीच राहते.

कोणी म्हणेल, नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही, मग हा उपद्व्याप कशाला? तर टीडीएसचे पैसे रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी रिटर्न भरावेच लागते. आणि उद्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँक रिटर्नच पाहते. तिथे वर्षाचे ५४,००० दिसले तर कर्ज कोण देणार? खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवावा. एजंट सांगेल तिथे सही करू नये.

पण आमच्या मते वहीचा सर्वांत मोठा उपयोग कराचा नाही, मागणीचा आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी आणणाऱ्या चालकाला भाड्याचे किमान ८० टक्के मिळावेत, असे म्हटले आहे. वरच्या हिशोबात त्या मुलाला ८० टक्केच मिळत होते, तरी तासाला ५३ रुपये पडले. म्हणजे टक्का मिळाला तरी पोट भरत नाही. प्रश्न ८० टक्के कशाचे, हा आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीसाठी २०१२ मध्ये हकीम समितीने सूत्र दिले, त्यात गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती आणि राहणीमानाचा खर्च धरला होता. पुढे खटुआ समितीने सूत्र बदलले, पण आधी खर्च आणि मग भाडे हे तत्त्व राहिले. ॲपवरच्या भाड्यालाही हेच तत्त्व लागू झाले पाहिजे.

तसेच सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. तीत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम, मात्र कामगारांना देय रकमेच्या ५ टक्क्यांच्या आत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असे आहे. त्याचा लाभ चालकाच्या दारापर्यंत पोचतो की नाही, हे पाहणे संघटनांचे काम आहे. त्यासाठी चालकाची ई-श्रमवर नोंद हवी आणि कमाईचा पुरावाही हवा.

म्हणून प्रत्येक शाखेला आमची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार हिशोबासाठी ठेवा. अकाउंट्समधून निवृत्त झालेले सभासद प्रत्येक गावात आहेत, त्यांना बोलवा. चालकांनी रोज रात्री किलोमीटर, भाडे, कापलेले कमिशन, गॅस आणि तास एवढे पाच आकडे लिहावेत. दहा मिनिटांचे काम आहे. एका चालकाची वही ही त्याची तक्रार ठरते. शंभर चालकांच्या वह्या एकत्र आल्या की ते मागणीपत्र होते, आणि त्यातला आकडा कोणत्याही कंपनीला नाकारता येत नाही.