धाब्यावरची पावलं

गेल्या अंकातला पछाडलेल्या घराचा वन-शॉट खेळून झाल्यावर फैजपूरच्या एका वाचकाने पाठवलेलं पत्र संपादक मंडळाने दोनदा वाचलं. चार खेळाडू, तीन तासांचं सेशन, आणि गाडी तिसऱ्याच खोलीत अडली. भिंतीआडची खोली सापडायला डी-ट्वेंटीवर अठरा हवे होते. चौघांनी टाकून पाहिलं, एकाचेही पडले नाहीत, आणि पुढची सगळी कथा त्या भिंतीपलीकडे होती. गेम मास्टरने शेवटी “समजा, सापडली” म्हणून दार उघडलं. तिथेच टेबलावरची भीती संपली. पत्राच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता. घर यावल तालुक्यातलं आहे, मग त्यात फायरप्लेस कुठून आली?

दोन्ही तक्रारी रास्त आहेत. तो मजकूर छापायलाच नको होता.

पण दोष त्या एका लेखकाचा नाही. या मासिकाकडे येणाऱ्या बहुतेक पछाडलेल्या घरांना बंद माळा असतो, चिमणी असते, दगडी जिन्याचं तळघर असतं. लेखक राहतो सावद्याला किंवा चोपड्याला, आणि घर उचलतो बॉस्टनमधलं. आपल्या आजोबांच्या घरात भीती वाटण्यासारखं काय होतं, हे आठवायला तो क्षणभरही थांबत नाही.

खानदेशातलं जुनं घर म्हणजे धाब्याचं घर. खांब, तुळया, त्यांवर लाकडाचं आच्छादन, वर मातीचा जाड थर आणि त्यावर खारी. खारी पावसाळ्याआधी टाकावी लागते. घर ओस पडलं की ती टाकणारं कोणी उरत नाही. पाणी मुरतं, तुळई आतून सडते, आणि भर दुपारी, वारा नसताना माजघरात मातीचा ढिगारा कोसळतो. छपराला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून उन्हाचा कवडसा खाली उतरतो आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहतो. घड्याळ नसलेल्या घरात खेळाडूंना वेळ कळवायला याहून चांगलं साधन नाही. तो कवडसा मधेच क्षणभर झाकला गेला, तर वर कोणीतरी वाकून पाहतंय हे गेम मास्टरला सांगावंसुद्धा लागत नाही.

पावलांचंही तसंच. इंग्रजी घरातला माळा बंद असतो, म्हणून वरून चालल्याचा आवाज आला की अंगावर काटा येतो. इथे एका ओळीतल्या घरांची धाबी एकमेकांना लागून असली, तर वरून कोणीही चालत जाऊ शकतं. म्हणजे नुसती पावलं वाजवून भागत नाही. आधी खेळाडूंना दोन्ही शेजारची घरं पडलेली दिसू द्यावीत आणि वर चढायची शिडी मोडलेली दाखवावी. मग रात्री पावलं वाजावीत.

पेवाकडे तर आजवर एकाही लेखकाने पाहिलेलं नाही. धान्य साठवलेलं बंद पेव बरीच वर्षं उघडलं नाही की आत जड वायू साचतो. न पाहता उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणून जाणती माणसं आधी दिवा खाली सोडून पाहत. टेबलावर हा प्रसंग असाच घ्यावा: दिवा विझतो, खेळाडू म्हणतात भूत, आणि एक जण तरीही उतरतो. रोल तिथे मागावा, कारण तिथे जिवाचा प्रश्न असतो. खोली सापडते की नाही, हा जिवाचा प्रश्न नाही.

‘कॉल ऑफ कथुलू’ हा खेळ 1981 साली आला, तेव्हापासून ‘द हाँटिंग’ हे त्याचं पहिलं घर जगभर खेळलं जातंय. त्यातला खंजीर सगळ्यांना आठवतो. पण त्याची खरी ताकद घरात शिरण्याआधीच्या भागात आहे. वर्तमानपत्राची जुनी कात्रणं, दफ्तरखाना, शेजाऱ्यांनी लावलेला दावा. घरमालक कॉर्बिट कोण होता, हे कागदांतून थोडंथोडं उलगडतं. आपल्या लेखकांनी खंजीर घेतला आणि दफ्तर सोडून दिलं. दफ्तराच्या बाबतीत तर महाराष्ट्राचा हात कोणी धरू शकणार नाही!

आता यातलीच एक चूक. दर दुसऱ्या कथेत वाड्याचा सातबारा सापडतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. सातबारा शेतजमिनीचा. ग्रामपंचायतीच्या हद्दीत घराची नोंद नमुना आठला, नगर भूमापन झालेलं असेल तिथे मिळकत पत्रिका, आणि फैजपूरसारख्या नगरपरिषदेच्या गावात शिवाय घरपट्टीची नोंद. खेळणाऱ्यांपैकी एखाद्याने घरच्या वाटणीसाठी तहसीलला खेटे घातलेले असतात. चुकीचा कागद पुढे आला की त्याचा कथेवरचा विश्वास तिथेच उडतो.

त्याच खेट्यांत एक असं सत्य दडलंय, जे कुठल्याही परदेशी मॉड्यूलमध्ये सापडणार नाही. मयताच्या नावावरचं घर वारसांच्या नावे करायला मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यू जुना असतो, नोंद कोणी केलेलीच नसते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने वर्ष उलटून गेलेली नोंद दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. आदेशाला पुरावा हवा, पुराव्याला साक्षीदार हवेत, आणि साक्षीदारही केव्हाच गेलेले. गावाने ज्याला अग्नी दिला, तो दप्तरी अजून घराचा मालक असतो. वारसांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं जातं, पुढच्या सोमवारी या म्हणून सांगितलं जातं, आणि एवढ्यात घराची तुळई खाली येते. हा छळ थांबायला हवा, हे प्रशासनाला शंभरदा सांगून झालंय. पण कथालेखकाच्या हाती यातून एक पूर्ण साहस येतं: ज्याचा मृत्यू कुठे नोंदलाच गेला नाही, तो घर सोडणार कसा? खेळाडूंनी मंत्र शोधायचा नाही. तो माणूस मेला होता, हे सिद्ध करायचं.

मग भिंतीआडची खोलीही डाइसच्या मेहरबानीवर राहत नाही. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत खेड्यांची गावठाणं ड्रोनने मोजली जाऊ लागली. ड्रोनला दिसतं ते धाबं. वरचं माप सहा खणांचं आणि आत मोजले तर पाचच, हा पहिला धागा. जुनं वाटणीपत्र मोडीत आहे आणि त्यातही सहा खण लिहिलेत, हा दुसरा. (धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ 1927 सालचं आहे, मोडीचं वळण कसं असतं, ते हँडआउट काढण्याआधी तिथे जाऊन पाहावं.) समोरच्या ओट्यावरची आजी म्हणते, “तिथे तर आम्ही लपाछपी खेळायचो”, हा तिसरा. जस्टिन अलेक्झांडर यांनी तीन धाग्यांचा नियम मांडला त्याला कितीतरी वर्षं झाली; केनेथ हाइट यांच्या ‘ट्रेल ऑफ कथुलू’ने 2008 मध्ये मुख्य धाग्यासाठी रोलच काढून टाकला. आपले लेखक अजून अठरावर अडलेत. वाटणीपत्राची नक्कल मिळणारच, फक्त ती आज मिळेल की घर पडल्यावर, एवढंच डाइसने ठरवावं.

ज्यांना आजचा काळ नको, त्यांच्यासाठी डिसेंबर 1936 आहे. ग्रामीण भागात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन फैजपूरला झालं, 27 आणि 28 तारखेला, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी बांबूने सजवलेलं टिळकनगर उभं राहिलं. अशा गर्दीत उतरायला जागा न मिळालेल्या चार स्वयंसेवकांना कोणी राहत नसलेलं घर उघडून दिलं जातं. अनोळखी माणसं एका छपराखाली का आली, हे समजावण्यात पहिला तास घालवावा लागत नाही, आणि दोन दिवसांनी सगळे पांगणार, ही मुदतही आपोआप मिळते.

एका गोष्टीवर मात्र या मासिकात यापुढे चर्चा होणार नाही. डाकिणीचा स्टॅट ब्लॉक छापला जाणार नाही. मुंजा घ्या, खवीस घ्या, चकवा घ्या. डाकीण हा सातपुड्यात जिवंत बाईवर मारलेला शिक्का आहे. त्यापायी बायकांना मारहाण झाली, गाव सोडावं लागलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात असा शिक्का मारून छळणं हा सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. गावाने डाकीण ठरवलेल्या बाईला वाचवायचं साहस कोणी लिहिलं, तर ते पहिल्या पानावर जाईल.

आणि आता विनंती. यंदाचा पाऊस सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका तरी ओस घरात, मालकाला विचारून, दिवसाउजेडी जावं. सोबत टेप न्यावा, वही न्यावी. पाच फुटांचे चौकोन नकोत, नकाशा खणांत काढावा. बळद कुठे, देवळी कुठे, आगळ कोणत्या बाजूने सरकते, धाब्यावर कुठून चढतात, ते लिहावं. पेव दिसलं तर उतरू नये. कथेत प्रत्येक बंद दाराला तीन धागे असावेत. एसआरडी 5.1 ही नियमावली जानेवारी 2023 मध्येच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आली आहे, तेव्हा जुन्या ओजीएल परवान्याचं पान चिकटवू नये, श्रेयाची ओळ पुरे. मालकाचं नाव आणि घराचा पत्ता गाळून नकाशा एका पानावर वेगळा पाठवावा. जी घरं या पावसात बसतील, त्यांचे नकाशे आधी छापले जातील.