नाली कुठं जाऊन पडतीय?



मागं बैठकीला आम्ही चौघं-पाच जण सोलापूरला गेलो होतो. ज्या घरी उतरलो तिथं नळ चार-पाच दिवसांनी येतो. ताईंनी हंड्याला फडकं बांधलं, पाणी उकळलं, मगच प्यायला दिलं. आम्हाला नवल वाटलं. उजनीत शंभर टीएमसीच्या वर पाणी मावतं, मग हे हाल कशापायी?

भीमा उगम पावते भीमाशंकरच्या रानात, आपल्या महादेव कोळी भावांच्या डोंगरात. खाली पुणे नि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेत उतरतं, ती भीमेला मिळते नि सगळं उजनीत येऊन थांबतं. मैला, साबण आणि शेतातून धुपून आलेलं खत यांत नत्र-स्फुरद असतं. त्यावर शेवाळ माजतं, पाणी हिरवं पडतं, वास मारतं. शहरानं गटार बांधताना एवढंच बघितलं की घाण आपल्या दारातून लवकर जावी. ती कुणाच्या हंड्यात जाते ते बघितलं नाही.

आणि आपण काय करतोय? आमच्या वाडीत योजनेतून सिमेंटची नाली आली. ठेकेदारानं ती सरळ ओढ्यात सोडली. आधी पावसाचं पाणी गवतातून, मातीतून सावकाश जायचं, गाळ मागं राहायचा. सिमेंटवरून ते धावतं, काहीच गाळत नाही. पहिल्या पावसाचं पाणी तर सगळ्यात घाण, उन्हाळाभर साचलेलं शेण, राख, प्लास्टिक घेऊन येतं. ते सगळं आमच्या झऱ्यापाशी गेलं. नालीचा नारळ फुटला तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या, हे पण सांगितलं पाहिजे.

नाली नकोच, असं आम्ही म्हणत नाही. पण मोरीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र करू नका. मोरीचं पाणी घराजवळच शोषखड्ड्यात जिरवा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं (उजनीजवळची नव्हे) घरोघर असे खड्डे करून उघडी गटारं बंद केली. खड्डा मात्र विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला घ्या. आपल्या काळ्या खडकाला भेगा असतात, घाण त्यातून विहिरीत उतरते. पावसाची नाली ओढ्याला मिळायच्या आधी गाळ बसायला दगडाचा खड्डा नि पुढं गवताचा रुंद पट्टा ठेवा. गाळ दरसाल उन्हाळ्यात काढायचा, नाहीतर केलं ते पाण्यात.

काही साथी म्हणतात, आपला लढा जमिनीचा, गटाराचं काय घेऊन बसलात? अहो, २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ५ वाचा. पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार त्यात ग्रामसभेला दिलाय. जमिनीचा दावा करतो तसा हाही वापरायचा. पुढच्या वेळी इंजिनियर नकाशा घेऊन आला की सही करायच्या आधी त्याला नालीच्या शेवटच्या टोकापर्यंत चालत न्या. पाणी भरणाऱ्या बायांना पुढं ठेवा. झरा कुठल्या महिन्यात कसा असतो, हे त्यांनाच ठाऊक.