गाडी पळवायला एक दिवस पुरतो, थांबवायला कोण शिकवणार?

बीड : दहावी-बारावीचे निकाल लागले, तालुक्याच्या कॉलेजात ॲडमिशन झालं की गावागावांत एकच विषय सुरू होतो. पोरगं जाणार कसं? एसटीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळत नाही, वडापमध्ये जागा नसते. मग घरातली स्प्लेंडर नाहीतर प्लॅटिना बाहेर निघते. संध्याकाळी झेडपी शाळेच्या मैदानावर चुलत भाऊ मागं बसतो आणि सांगतो, "क्लच दाब, गिअर टाक, हळूच सोड." दोन-तीन वेळा गाडी बंद पडते, चौथ्यांदा निघते. मैदानाला चार चकरा झाल्या की घरी निरोप जातो, "आली त्याला गाडी."

गाडी खरंच आली का, हा आजचा प्रश्न आहे. त्या संध्याकाळी पोराला गाडी पळवता आलेली असते. अचानक समोर म्हैस आली तर थांबवायची कशी, पावसात चिखलावरून न्यायची कशी, घाट उतरायचा कसा, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं. सांगणाऱ्यालाही ते कुणी शिकवलेलं नसतं.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. महाराष्ट्रातले मृत्यू १५ हजारांच्या वर होते. देशात मेलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के लोक दुचाकीवरचे होते. त्याच वर्षी हेल्मेट नसलेल्या ५० हजार २९ जणांचा जीव गेला. त्यात चौदा हजारांहून जास्त मागं बसलेले होते. म्हणजे हेल्मेट चालवणाऱ्यानंच घालायचं, हा समज किती महागात पडतो ते बघा.

आपल्याकडं चारचाकीचे ड्रायव्हिंग स्कूल तालुक्याच्या ठिकाणी दिसतात. दुचाकी शिकवणारं कुणी शोधूनही लवकर सापडत नाही. सगळ्यात जास्त वापरली जाणारी गाडीच आपण सगळ्यात कमी शिकतो. नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका एकेक करून पाहू.

पहिली अडचण : क्लच आणि घाबरलेला हात

नवा माणूस क्लच एकदम सोडतो. गाडी हिसका देते, तो घाबरतो आणि हँडल घट्ट धरतो. हँडल घट्ट धरताना उजवी मूठ आपोआप पिळली जाते आणि रेस आणखी वाढते. गाडी समोरच्या भिंतीवर जाते ती अशी. त्याला वाटतं गाडीनं ऐकलं नाही, खरं तर हातच चुकलेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. पहिल्या दिवशी रेस द्यायचीच नाही. सपाट जागेवर पहिला गिअर टाकून नुसता क्लच हळूहळू सोडायचा आणि तो कुठं 'पकडतो' ते हाताला कळू द्यायचं. माणसाच्या चालीनं गाडी पुढं सरकली की परत क्लच दाबायचा. असं पन्नास वेळा करायचं. एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची : घाबरलं की क्लच दाबायचा आणि रेस सोडायची.

दुसरी अडचण : पुढच्या ब्रेकची भीती

"पुढचा ब्रेक मारू नको, पडशील." हे वाक्य आपल्याकडं प्रत्येकानं ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. ब्रेक मारला की गाडीचा सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचं चाक हलकं होतं. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. नुसता मागचा दाबला तर चाक जाम होतं, गाडी घसरत जाते आणि थांबायला जास्त जागा लागते.

पडायची भीती दोन वेळेला खरी असते. एक, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक मारला तर. दुसरी, खडी, वाळू किंवा चिखलावर तो जोरात दाबला तर. तिथं वेग आधीच कमी करायचा. एरवी दोन्ही ब्रेक एकत्र वापरायचे आणि पुढचा झटक्यानं न मारता पिळत पिळत दाबायचा.

यात आणखी एक गोम आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागेल अशी सोय सक्तीची झाली. त्याच्या वरच्या गाड्यांना एबीएस आलं. पण गावात त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर आहेत. नव्या गाडीवर शिकलेलं पोरगं मामाच्या जुन्या गाडीवर बसतं, सवयीनं नुसता पायाचा ब्रेक दाबतं आणि गाडी थांबत नाही. दुसऱ्याची गाडी घेतली की आधी अंगणातच दोन्ही ब्रेक तपासा.

वेगाचा हिशोबही लक्षात ठेवा. ताशी ४० वर गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढं जाते, ६० वर जवळपास १७ मीटर. डोळ्यांनी म्हैस बघून ब्रेकवर बोट जाईपर्यंत एवढं अंतर निघून गेलेलं असतं. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं.

तिसरी अडचण : गिअरचा गोंधळ

स्प्लेंडरसारख्या गाडीला चारही गिअर पुढं दाबून पडतात. पल्सर १५० ला पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर हात बसलेला पोरगा मित्राच्या पल्सरवर बसतो, वरचा गिअर टाकायला म्हणून खाली दाबतो आणि भर वेगात गाडी खालच्या गिअरमध्ये येते. मागचं चाक हिसका खातं. वजनातही फरक आहे. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, पल्सर दीडशे किलोच्या आसपास आणि बुलेट त्याहूनही जड. कॉलेजबाहेर मित्राची गाडी 'एक चक्कर' मागताना हे ध्यानात ठेवा.

घाट, चिखल आणि ऊस

मांजरसुंबा किंवा धारूरचा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून किंवा बंद करून सोडायची सवय अनेकांना आहे. पेट्रोल वाचतं म्हणतात. पण गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. जुन्या गाड्यांचा पुढचा दिवा इंजिनवर जळतो. रात्री इंजिन बंद केलं तर घाटात अंधार. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम दुचाकीलाही लागू आहे.

पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या टायरची काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा होतो. सुगीत रस्त्यावरच सोयाबीन वाळत घातलेलं असतं. दिवाळीनंतर ऊसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. रात्री त्यांच्या मागं लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच याचा भरवसा नाही. समोरच्या गाडीच्या दिव्यानं डोळे दिपले की कडेला उभी असलेली ट्रॉली दिसतच नाही. नवशिक्यानं पहिले दोन-तीन महिने रात्री गाडी काढूच नये. धुळे-सोलापूर महामार्गावर तर सराव झाल्याशिवाय जाऊच नये.

खड्डा चुकवतानाची चूकही ठरलेली असते. नवा माणूस खड्ड्याकडंच बघतो, म्हणून गाडी बरोबर खड्ड्यातच जाते. जिथं नजर तिथं गाडी. ज्या जागेतून जायचंय तिकडं बघायचं.

ताई, वहिनी आणि स्कूटी

आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, बँकेत-दवाखान्यात काम करणाऱ्या मुली आता मोठ्या संख्येनं गाडी शिकताहेत. त्यांची मोठी अडचण असते आजूबाजूला हसणाऱ्यांची. मैदानावर चार पोरं बघत उभी राहिली की हात थरथरतात. शिकवणारा नवरा किंवा भाऊ मागून ओरडत असेल तर आणखीच. सकाळी लवकर, मोकळ्या जागी, शांत माणसाबरोबर शिका. सीट एवढ्या उंचीची हवी की बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. स्कूटीला क्लच नसतो, म्हणून ती सोपी वाटते, पण रेस धरूनच ब्रेक मारायची चूक तिथंच जास्त होते. ओढणी आणि पदर खोचून घ्या. मागच्या चाकाचं साडीगार्ड गाडी 'चांगली दिसावी' म्हणून पोरं काढून टाकतात. ते आई-बहिणीच्या जिवासाठी असतं, कायद्यानंही सक्तीचं आहे.

कायदा : बापाच्या नावावर काय येतं?

गिअरच्या गाडीचं लायसन्स १८ पूर्ण झाल्यावरच मिळतं. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. घरातली ११० सीसीची स्कूटी त्यात बसत नाही. "स्कूटीला चालतंय" हा गैरसमज आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ लागू झालं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. वय १८ च्या वर असूनही लायसन्स नसेल तर चालवणाऱ्याला पाच हजार आणि गाडी देणाऱ्यालाही पाच हजारांपर्यंत दंड आहे.

त्याहून मोठं संकट विम्याचं. बिनलायसन्सवाल्यानं कुणाला उडवलं तर अनेक प्रकरणांत कोर्ट विमा कंपनीला आधी पैसे भरायला सांगतं आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. ही रक्कम लाखांत जाते. एका संध्याकाळच्या चकरेपायी वावर विकायची वेळ येऊ शकते.

लर्निंग लायसन्स आता आधारवरून घरबसल्या ऑनलाइन निघतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. बीड (एमएच २३) आणि अंबाजोगाई (एमएच ४४) अशी दोन कार्यालयं जिल्ह्यात आहेत. लर्निंग असताना पुढं-मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. मागं बसवायचं तर फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला, दोस्तांना नाही.

गावानं काय करावं?

मधले तीस दिवस म्हणजे लायसन्सची वाट बघायचा काळ नाही, शिकायचा काळ आहे. त्याला पैसा लागत नाही. शाळेच्या मैदानावर फक्कीनं एक रेघ मारा. पहिला आठवडा फक्त क्लच. दुसरा आठवडा ताशी २० च्या वेगानं येऊन बरोबर रेघेवर थांबायचं, मग ३० च्या वेगानं. तिसऱ्यात हळू वेगात आठचा आकडा, पाय न टेकवता. चौथ्यात गावातला रस्ता, मागं लायसन्स असलेला मोठा माणूस, दोघांच्या डोक्यावर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, पट्टा लावलेला.

ग्रामपंचायतीनं जागा द्यावी. गावातले जुने ट्रॅक्टर-ट्रक ड्रायव्हर आणि सुट्टीवर आलेले फौजी यांनी रविवारचा एक तास द्यावा. कॉलेजांनी गेटवर लायसन्स तपासावं आणि आरटीओनं तालुक्याच्या शिबिरात चाचणीबरोबर ब्रेकचा धडाही ठेवावा.

आणि आई-बापांनी चावी देण्याआधी पोराला एकच गोष्ट करून दाखवायला सांगावी. "गाडी पळवून दाखवू नको. त्या रेघेवर थांबवून दाखव." पाचपैकी पाच वेळा थांबली, तरच चावी द्यायची.